अर्ध्या कलशाची फाइल

जेवणं उरकलीत. हौसाक्का पंख्याखाली चटई टाकून आडवी झालीय. झोपायचं नाही, नुसती पाठ टेकायची, असं ती रोज म्हणते आणि रोज घोरते. ते तिला तोंडावर सांगायची छाती या घरात एकाच बाईची होती, तिच्या सुनेची, वैजूची. आणि वैजू गेल्या दिवाळीच्या आधीच गेली.

मागच्या शेडमध्ये माग चाललेत. इचलकरंजीत जन्म काढलेल्या माणसाला त्या खडखडाटाचीच अंगाई लागते. वीज गेली आणि माग थांबले की हौसाक्काला खडबडून जाग येते, कुणीतरी हाक मारल्यासारखी. आज माग नीट चाललेत, पोट भरलंय, पंखा फिरतोय, तरी डोळा लागत नाही. डोक्यात अर्धा कलश येऊन बसलाय.

त्याची गोष्ट अशी. नातीचं, केतकीचं, शुक्रवारी लग्न आहे. या कोष्ट्याच्या घरात मुलीचा अंतरपाट बाजारातून आणत नाहीत. घरच्या माणसानं काढलेली नक्षी मागावर विणायची, तो पाट लग्नात धरायचा आणि पुढं त्याचंच पहिल्या बाळाला दुपटं करायचं. हौसाक्काच्या लग्नात असंच झालं, तिच्या लेकींच्या लग्नातही झालं. केतकीच्या अंतरपाटाची नक्षी तर तिच्या आईनं, वैजूनं, केतकी दप्तर घेऊन शाळेत जात होती तेव्हाच कम्प्युटरवर काढून ठेवली होती. "आधीच कशाला गं एवढी घाई," असं हौसाक्का तेव्हा म्हणाली होती. वैजू काही बोलली नव्हती. ती काही बोलायची नाहीच. करायची.

वैजूचा कम्प्युटर म्हणजे काळ्या पडद्याचा एक डबा. तिनं कोल्हापूरला जाऊन ते शिक्षण घेतलं होतं. पडद्यावर चौकोनच चौकोन, एक चौकोन म्हणजे एक धागा. ती एकेक चौकोन भरत जायची, आणि मग त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडून यायची आणि ते पुठ्ठे तिच्या जेकार्डवर चढायचे. घरचे बाकीचे माग साधे, धोतराचे. नक्षीचा हा एकच माग, तोही कुणाच्या तरी शेडमधून उचललेला, आणि त्याला हात लावणारी वैजू एकटी. हौसाक्का त्याच्याकडं बघून नाक मुरडायची. वैजू गेली आणि हौसाक्काच्या मुलानं, श्रीपतीनं, तो जेकार्ड भंगारात घातला. कुणाला चालवता येत नाही, जागा अडते, म्हणाला. कम्प्युटर तर आधीच मेला होता. उरल्या त्या काळ्या चपट्या फ्लॉप्या, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात.

त्या फ्लॉप्या घेऊन केतकीनं गाव पालथं घातलं. शेवटी दस्तगीर भेटला. नव्या इलेक्ट्रॉनिक जेकार्डांच्या फाइली करून देणारा हा माणूस, तोंडात साखर, हातात कसब. त्यानं कुठूनतरी फ्लॉपी वाचणारं यंत्र पैदा केलं. काही फ्लॉप्यांना बुरशी लागली होती, एक मात्र वाचली. पण त्यातल्या फाइलला आताचा कुठलाच कम्प्युटर ओळख देईना. ज्या कंपनीनं तो प्रोग्राम केला होता तिचंच दुकान कधी उठलं कुणाला ठाऊक. मग दस्तगीरनं नव्या कम्प्युटरच्या पोटात एक खोटा जुना कम्प्युटर तयार केला, म्हणजे जुन्या प्रोग्रामला वाटावं आपण आपल्याच घरात आहोत.

"म्हंजे नव्याच्या अंगात जुनं आणलंस म्हण की," हौसाक्का म्हणाली होती.

"तसंच समजा आक्का."

"मग नारळ फोडायला पायजे. असं फुकट कुणी येत न्हाई अंगात."

फाइल उघडली. सगळे वाकून बघायला लागले. एक राघू, चोच पुढं करून बसलेला. पायाखाली वेल. आणि चोचीपुढं अर्धा कलश, अर्धा नारळ, नारळाला अर्धी शेंडी. त्याच्यापुढं काही नाही. सुरीनं कापल्यासारखं सरळ.

दस्तगीरनं मान खाजवली. "उतरवताना निम्मी फाइल खराब झाली असंल. न्हाईतर..." तो थांबला, पण थांबायच्या आधी बोलून गेला होता. "न्हाईतर वहिनींनी निम्मीच काढली असंल."

केतकी उठली आणि कपडे वाळत घालायला गेली. कपडे सकाळीच वाळत घातले होते.

दस्तगीर म्हणाला, माझ्याकडं तयार नक्षीतला एक कलश आहे, तो उरलेल्या जागेत बसवू, कुणाला कळणारही नाही. हौसाक्कानं त्याला तिथंच थांबवला. परक्याची नक्षी माझ्या घरच्या अंतरपाटावर चढायची नाही. आणि लग्नात अर्धा कलश धरायचा, हे तर तिच्या जिवात जीव आहे तोवर होणार नाही. मग करायचं काय? चुलत पुतण्याच्या शेडमधला नवा नक्षीचा माग फक्त आजच्या रात्रीपुरता मोकळा आहे. चहाला या, सांगते, असं तिनं दस्तगीरला ऐटीत सांगितलंय खरं. सांगण्यासारखं तिच्याजवळ काही नाही.

ती कूस बदलते. केतकी स्वयंपाकघरात भांडी ठेवतेय, अजिबात आवाज न करता. या पोरीची ही गत असते, मनात काही सलायला लागलं की हिच्या हातातली भांडी मुकी होतात.

पंखा फिरतोय. मागांचा खडखडाट येतोय. मग त्यातला एक माग थांबतो. मग दुसरा. कुणीतरी शेडमधून फिरत एकेक बटण बंद करावं तसे विझत जातात. हौसाक्का वाट बघते, आता जाग येईल. जाग येत नाही. सगळे थांबले तरी एक माग उरतोच. खड्... जरा दम... खड्. दम घेत चालणारा हा आवाज तिला पाठ आहे. हा माग भंगारात गेलाय.

"लावलाच पुन्हा हिनं," ती पुटपुटते आणि उठते. गुडघे दुखत नाहीत. त्याचं तिला नवल वाटत नाही, रागच येतो. एवढी वर्षं मग दुखत होते कशाला?

स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की तुळस, न्हाणी आणि मग शेड. आज दार उघडल्यावर लगेच दोऱ्या लागतात. वरून खाली, दाट, पांढऱ्या दोऱ्या, आणि प्रत्येकीच्या टोकाला लोखंडाची बारीक काडी. हौसाक्का त्या हातानं बाजूला करत आत जाते, जोंधळ्याच्या पिकात शिरावं तशी. काड्या एकमेकींवर किणकिणतात. आत फळीवर वैजू बसलीय, पाठमोरी, चष्म्याची दोरी मानेवर.

"चपला काढून या आत्याबाई. सूत मळंल."

"मला शिकवू नगंस. तू मेलीयास."

"व्हय की. म्हणून काय चपला घालून यायचं?"

हौसाक्का चपला काढते. पायाखाली फरशी नाही, पिंजलेला कापूस आहे, मऊ आणि थोडा ओलसर. वैजू मागं वळते. तोंडावर सूज नाही. शेवटी शेवटी ते तोंड ओळखू येत नव्हतं, आता तेच लग्नाला आली तेव्हाचं, हनुवटीवरच्या तिळासकट.

"बरी दिसतीयास."

"तिकडं पथ्य न्हाई. लोणचं खाते मी."

"कुणाच्या हातचं?"

"तुमच्या हातचं न्हाई, काळजी नको."

हौसाक्काला हसू येतं ते ती गिळते. काय विचारायला आली होती ते आठवेना. तोंडातून सवयीचंच निघतं, "जेवलीस का?"

"आज काय होतं?"

"गवार."

"केतकीनं कूट कमी घातलं असणार."

"घातलंच न्हाई. तिचं चित्त कुठं ठिकाणावर हाय?" आणि चित्ताचं नाव निघताच हौसाक्काला आठवतं. "अगं, तुझी ती फाइल. निम्मी निघाली."

वैजू काही म्हणायच्या आत आतून कुणीतरी ओरडतं, "पुढचा नंबर!"

वैजूला शेवटी ठेवलं होतं त्या मिरजेच्या दवाखान्यातल्या बाकावर त्या आता बसल्यात. तोच हिरवा रंग, तीच फिनेलची घाण, भिंतीवर तोच गप्प बसा म्हणणाऱ्या बाईचा फोटो. लांबच लांब रांग लागलीय आणि रांगेतल्या प्रत्येकानं छातीशी एकेक फ्लॉपी धरलीय, एक्स-रे धरतात तशी. दारात दस्तगीर उभा आहे, अंगात पांढरा डगला. एकेकाची फ्लॉपी घेतो, उजेडाकडं धरतो.

"उघडत न्हाई. पुढचा."

हौसाक्काच्या शेजारी एक म्हातारा बसलाय, डोक्याला फेटा. त्याच्या मांडीवर त्याची फाइल उघडी पडलीय. घराचा नकाशा होता म्हणे, पण उतरवताना फक्त जिना उतरला. तो जिना त्याच्या मांडीवरून वर गेलाय आणि छताला भिडायच्या आत संपलाय.

"आता काय करणार हो?" हौसाक्का विचारते.

"जिना चांगला निघालाय," म्हातारा म्हणतो. "पायऱ्या बघा, एकसारख्या." आणि तो उठून त्यावर चढायला लागतो.

"अहो, वर काही न्हाई!"

"बांधू की," तो वरून म्हणतो. त्याचे तळवे तेवढे दिसतात, मग तेही दिसत नाहीत.

वैजू रांगेत नाही. ती खिडकीपाशी उभी राहून बाहेरचा कढीपत्ता खुडतेय. इथल्या खिडकीबाहेर कढीपत्ता कधी नव्हता. हौसाक्का चिडते. "माझं ऐक आधी. शुक्रवारी लग्न हाय. तू काय करून ठेवलंस हे? एकच राघू, आणि निम्मा कलश. माणसं काय म्हणतील?"

"माणसं जेवणाचं बघतात आत्याबाई. अंतरपाटाकडं बघायला दोघंच असतात."

"मी बघते!"

"तुम्ही सगळंच बघता," वैजू म्हणते आणि कढीपत्त्याची डहाळी ओच्यात टाकते.

सनई लागते. हिरव्या भिंती कापडाच्या होतात, मांडव होतो. चौंडेश्वरीच्या देवळापुढचं पटांगण, माणसांनी भरलेलं. सगळ्यांच्या मुठीत अक्षता, सगळ्यांचे हात वर, आणि कुणी टाकत नाही. दोन माणसं अंतरपाट धरून उभी आहेत. त्यांचे हात ताणलेले आहेत, बोटं चिमटीत आहेत, पण चिमटीत कापडच नाही. भटजी शेवटचं मंगलाष्टक म्हणतात, संपवायला येतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. केतकी पाटावर उभी आहे. मुंडावळ्या बांधलेल्या, हात जोडलेले, डोळे मिटलेले. तिच्यापुढं कोण उभं आहे ते दिसत नाही. तिथं नुसता पांढरा उजेड आहे, धुतलेल्या धोतरासारखा.

"कापड आणा," भटजी म्हणतात. कोण आणणार? सगळे हौसाक्काकडं बघतात.

ती पदर खोचते. वैजूचा दंड धरते. दंड गार लागतो, माठासारखा. "सांग मला. बाकीचं कुठं टाकलंस? का काढलंच न्हाईस? खरं सांग. मला काय त्याचं न्हाई. मी काय, दुसरी नक्षी लावीन न्हाईतर कोरं कापड धरीन. पण त्या पोरीला वाटायला लागलंय की तू कंटाळून निम्म्यातच सोडलंस. तिचंच काम निम्म्यात सोडलंस."

वैजूच्या हातातला कढीपत्ता खाली पडतो. "असं म्हणाली ती?"

"म्हणतीया कशाची? गप बसलीया. तुझ्यावर गेलीया."

"गप बसायची सवय मला तुमच्या घरात लागली. दुसऱ्याला बोलायला जागा कुठं ठेवत होता तुम्ही?"

"मेल्यावर बरं तोंड फुटलंय तुला!"

"आता कुणाच्या चहाला उशीर होत न्हाई ना," वैजू म्हणते. रागानं नाही म्हणत. मग ती लेकीकडं बघत राहते, लांबून, देवळाच्या पायऱ्यांवरून. जवळ जात नाही. हौसाक्काच म्हणते, "जा की जवळ." वैजू मान हलवते. तिला तिथवर जाता येत नसावं. हौसाक्का तिच्या दंडावरचा हात काढत नाही.

"निम्मं का काढलंस?" ती पुन्हा विचारते. आवाज आता तिचा तिलाच ओळखू येत नाही, इतका खाली आलाय.

"सगळं कशाला काढायचं?"

"म्हंजे?"

"या. हात द्या इकडं. दोन्ही."

आणि त्या दोघी मागाच्या पोटात बसल्यात, दोऱ्यांच्या मधोमध. वरती, उंच, अंधारात हुकांची रांग चमकतेय. हौसाक्का या मागाच्या खाली कधी शिरली नव्हती. शिरली असती तर सुनेला वाटलं असतं की सासूला त्यात काही गोडी आहे. वैजू एक दोरी ओढून घेते आणि सासूच्या उजव्या हाताच्या अनामिकेला गुंडाळते. मग दुसरी दोरी ओढते आणि डाव्या अनामिकेला.

"हे काय लहान पोरांचं?"

"धरा नुसतं. माग लावते."

खड्. हौसाक्काचे दोन्ही हात एकदम वर जातात. जरा दम. खाली येतात. खड्. पुन्हा दोन्ही वर.

"डावा खाली ठेवून दाखवा," वैजू म्हणते.

हौसाक्का हट्टाला पेटते. डावा हात मांडीवर दाबून धरते. खड्. उजवा जेवढा वर गेला तेवढाच डावा, एका बोटाचाही फरक नाही. पुढचा हुक वर जातो तसे दोन्ही हात थोडे जवळ येतात. त्याच्या पुढच्याला आणखी जवळ. एक इकडून, एक तिकडून, मधल्या धाग्याकडं. तिच्या दोन तळव्यांच्या मधे कापड भरत चाललंय. ती वर बघते. उजवी दोरी कुठं गेलीय, डावी कुठं गेलीय, ते डोळ्यांनी शोधत वर वर जाते, आणि दोन्ही एकाच ठिकाणी जाऊन पोचतात.

"एकच हुक हाय की गं," ती म्हणते.

"मला येळ कुठं होता आत्याबाई दोन-दोन राघू काढायला? श्रीपतींचा डबा, केतकीची रिक्षा, तुमचा चहा, तुमचा दुसरा चहा. एका बाजूला मी बसायची. दुसऱ्या बाजूला माग बसायचा."

हौसाक्काला काहीतरी बोलायचं असतं. काहीतरी झणझणीत. कापूस तिच्या पायांवरून गुडघ्यापर्यंत आलाय आणि वैजूचा चेहरा दोऱ्यांच्या मागं गेलाय, पट्ट्यापट्ट्यांनी दिसतोय.

"चहा पिऊन जा," ती घाईनं म्हणते. "मी करते. साखर घालीन."

"तुम्ही करणार?"

"मग काय, हात मोडलेत माझे?"

"मोडले न्हाईत. बांधलेत," वैजू म्हणते आणि दोन्ही दोऱ्या एकदम करकचून आवळते.

"आई गं! दुखतंय की!"

"दुखू द्या थोडं. न्हाईतर उठल्यावर इसराल, आणि वर म्हणाल, मला सगळं ठाऊकच होतं."

खड्. हात वर जातात. खड्. खडखड, खडखडखड. सगळे माग एकदम लागतात.

पंखा फिरतोय. दारात केतकी उभी आहे, हातात कपबशी. "आज्जी, ऊठ. दस्तगीरकाका आलेत. काय सांगायचं त्यांना?"

हौसाक्का उठून बसते. गुडघा कळ काढतो, म्हणजे आपण घरात आहोत. ती दोन्ही हात पुढं धरून बघते. उजव्या अनामिकेवर वळ आहे, लाल, खोल, दोरीचा पीळ मोजता यावा इतका स्पष्ट. डाव्या अनामिकेवरही आहे. तिथंच. तेवढाच. ती चटई उचलून बघते, उशी झटकते, पदर झटकते. दोरी कुठंच नाही.

"काय हरवलं?" केतकी विचारते.

"तुझ्या आईच्या मागाला एका हुकाला दोन दोऱ्या व्हत्या," हौसाक्का म्हणते. "एक उजवीकडं, एक डावीकडं. हुक एक. उचलला की दोन्हीकडचं एकदम उठायचं."

केतकी कपबशी धरून तशीच उभी राहते. बाहेरच्या खोलीतून दस्तगीर आधी उठतो, खुर्चीचा आवाज येतो. "आक्का, काय म्हणालात? पुन्हा म्हणा."

हौसाक्का पुन्हा म्हणते. दस्तगीर दारात येऊन उंबऱ्यावरच बसतो. "आमच्या उस्तादांकडून ऐकलं होतं असल्या मागांचं. निम्मी नक्षी द्यायची, उरलेली निम्मी माग उलटी भरायचा. मी धंद्यात आलो तवर ते गेलेले. आता एका हुकाला एकच धागा. सगळी नक्षी काढावी लागती." तो केतकीकडं बघतो. "म्हंजे पोरी, फाइलला काय झालेलंच न्हाई. ती आहे तेवढीच होती."

केतकी कपबशी खाली ठेवते. चहा बशीत सांडतो. ती लॅपटॉप पुढं ओढते, हौसाक्काच्या चटईवरच बसते. एकटा राघू पडद्यावर येतो, चोच पुढं करून, रिकाम्या जागेकडं बघत. ती सगळी नक्षी एका चौकटीत धरते, तिची दुसरी प्रत करते, ती प्रत आरशातल्यासारखी उलटी फिरवते आणि मोकळ्या जागेत सरकवत आणते. कलशाच्या अर्ध्या पोटाला दुसरं अर्धं पोट येऊन लागतं. नारळ गोल होतो. शेंडी पुरी होते. दुसरा राघू पहिल्याच्या समोर येऊन बसतो. मधोमध एक धागा दुहेरी दिसतो, दोन्ही अर्ध्यांतला एकेक. केतकी त्यातला एक पुसते.

मग ती दोन्ही हात मांडीवर घेऊन बसते. शेडमधले माग चाललेत म्हणून तिचं रडणं कुणाला ऐकू येत नाही. दस्तगीर उठून अंगणात जातो आणि तुळशीकडं तोंड करून उगाच खोकतो.

"पुरं केलं होतं तिनं," केतकी म्हणते.

"मग? माझी सून हाय ती. अर्धवट काम केलेलं मी चालवून घेतलं असतं व्हय?"

केतकी नाक पुसते. रडता रडता हसते. "पण आज्जी, तू तर कधी त्या मागाच्या जवळसुद्धा जात नव्हतीस. तुला कसं माहीत?"

हौसाक्का तोंड उघडते. मला सगळं ठाऊक असतं, हे शब्द तिच्या जिभेवर अगदी तयार आहेत. ती तोंड मिटते. जमिनीवरची कपबशी घेते, चहाचा एक घोट घेते. गोड आहे.

"जा, दस्तगीरला हाक मार," ती म्हणते. "रातचा माग फुकट जायचा. आणि त्याला सांग, अंतरपाटाचं सूत मी स्वतः बघून देणार."

केतकी उठता उठता थांबते. तिचं लक्ष आजीच्या हातांकडं जातं. ती कप काढून घेते आणि दोन्ही पंजे शेजारी शेजारी धरते. दोन वळ, एकाच उंचीवर, एका बाजूनं दुसऱ्या बाजूकडं बघत असल्यासारखे.

"हे काय लागलं गं? थांब, हळद आणते."

"काही लावू नगंस," हौसाक्का म्हणते. वळ आत्ताच जरा फिके पडलेत. ती मुठी मिटून हात पदराखाली घेते. "राहू दे जरा."